अंगणातलं झाड: ठेवायचं, छाटायचं की उतरवायचं?

वाकडं झाड धोकादायक असतंच असं नाही. कोकणातले कितीतरी माड जन्मभर एका बाजूला झुकून उभे असतात आणि दरसालचा पाऊस निभावून नेतात. गेल्या वर्षी सरळ होतं आणि यंदा कललंय, अशा झाडाची मात्र त्याच दिवशी दखल घ्यावी लागते. नवख्या माणसाची गल्लत नेमकी इथे होते. जुन्या, वाकड्या, ढोलीच्या झाडाला तो घाबरतो आणि हिरव्यागार गुलमोहराच्या बुंध्याशी उगवलेल्या बुरशीकडे त्याचं लक्षही जात नाही. पावसाळ्यात उन्मळून पडणाऱ्या झाडांमध्ये पानांनी भरलेली झाडंही भरपूर असतात. पानं वर दिसतात, कुजणं खाली चालू असतं.

घर, सोसायटी किंवा वाडीतलं झाड स्वतः कसं तपासायचं, कोणत्या खुणा दिसल्या की ते काढण्यावाचून पर्याय नाही, आणि काढायचं ठरलं तर पुढे काय करायचं, ते क्रमाने पाहू.

तपासणी कधी करायची

फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ सगळ्यात सोयीचा. बरीच झाडं तेव्हा पानगळीत असल्याने फांद्यांचा सांगाडा उघडा दिसतो. पावसाळ्यात आलेली बुरशी वाळून का होईना, बुंध्याला चिकटलेली असते. आणि परवानगीला लागणारे आठवडे हाताशी राहतात. मे महिन्याच्या शेवटी अर्ज केला तर परवानगी येईस्तोवर पाऊस डोक्यावर आलेला असतो. शिवाय झाडाला पहिला खरा तडाखा मोसमी पावसाचा नसून एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वाऱ्याचा असतो.

दुसरी नजर जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर टाकायची आणि तिसरी ऑगस्टमध्ये. तोवर माती पुरती भिजून सैल झालेली असते, त्यामुळे मुळासकट उपटण्याचा धोका तेव्हा जास्त.

सामान थोडंच लागतं: मोजपट्टी, ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन), लाकडी मोगरी, 8 मिलिमीटर जाडीची साधारण दोन फुटी सळई, खडू आणि मोबाइल. दुर्बीण असली तर उत्तम, नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो मोठा करून वरच्या फांद्या बघता येतात. झाडावर चढायचं नाही. सगळी तपासणी जमिनीवरूनच होते.

आधी पाहायचं ते झाड नव्हे, त्याच्याखालचं

माळावरचं पोकळ झाड पडलं तर कुणाचं काही जात नाही. तेच झाड मुलांच्या झोपाळ्यावर असलं तर हिशेब बदलतो. म्हणून पहिलं काम म्हणजे झाड पडलं तर कुठवर पोहोचेल हे मोजणं.

उंची मोजायला एक काठी पुरते. हात समोर ताठ धरा. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर उभी राहील अशी धरा. आता मागे मागे सरकत जा. मुठीची वरची कड बुंध्याच्या तळाशी आणि काठीचं वरचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबा. तुम्ही उभे आहात तिथपासून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. जमीन सपाट असेल तर हा अंदाज पुरेसा बरोबर येतो.

तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात काय काय येतं ते वहीत लिहा: झोपायची खोली, फाटक, गाडी, विजेची तार, शेजाऱ्याचा पत्रा, रस्ता. तिथे माणसं किती वेळ असतात तेही लिहा. वाळलेलं झाड असेल तर वर्तुळ दीडपट धरा, कारण ते आपटल्यावर फांद्यांचे तुकडे उडतात.

बुंधा आणि मुळं: इथे घाई करू नका

तपासणीतला निम्मा वेळ जमिनीपासून कमरेपर्यंतच्या भागाला द्या. फांदी मोडली तर पत्रा फुटतो, पण मूळ सुटलं तर अख्खं झाड येतं.

निरोगी झाडाचा बुंधा जमिनीजवळ पसरट होतो आणि मुळांच्या धारा चारी बाजूंना जाताना दिसतात. बुंधा खांब रोवल्यासारखा सरळ जमिनीत घुसलेला दिसला, तर वर मातीचा किंवा पेव्हर ब्लॉकचा भराव पडलाय असं समजा. भरावाखाली साल सतत ओली राहते आणि कुजते. खुरप्याने हळूहळू माती बाजूला करून मूळ बुंधा उघडा करा आणि साल दाबून पाहा. मऊ लागली, बोटाने निघून आली आणि आत काळपट-तपकिरी ओलं लाकूड दिसलं, तर कूज लागली आहे.

मग मुळं कुठे तुटली आहेत का ते शोधा. गेल्या पाचेक वर्षांत कुंपणाची भिंत, गटार, पाण्याची पाइपलाइन, केबलची चर, पार्किंगचं काँक्रीट यांतलं काय काय झालं ते आठवा. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीतच आडवी पसरलेली असतात, त्यामुळे दीड फुटाची चरसुद्धा त्यांना आडवी कापते. बुंध्याच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत जाड मुळं तुटली असतील तर झाडाचा आधारच गेला म्हणायचं. व्यास 60 सेंटिमीटर असेल तर हे अंतर होतं 180 सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट. याचा परिणाम लगेच दिसत नाही. तुटलेली मुळं कुजायला दोन-तीन पावसाळे लागतात आणि तोवर ती चर सगळे विसरून गेलेले असतात.

आता कल. जमिनीपासून दोन मीटर उंचीवर, कललेल्या बाजूला खोडाला ओळंब्याची दोरी टेकवून सोडा आणि खाली लोलकापासून खोडापर्यंतचं अंतर मोजा. साधारण 35 सेंटिमीटर आलं तर कल 10 अंश, 54 आलं तर 15, आणि 73 आलं तर 20. हा आकडा एकदाच घेऊन फारसं कळत नाही. तारीख लिहून ठेवा आणि महिन्याने त्याच खुणेवर पुन्हा मोजा. अंतर वाढलं तर झाड हलतंय.

जुना कल आणि नवा कल नुसत्या नजरेनेही ओळखता येतो. लहानपणापासून कललेलं झाड वर जाताना स्वतःला सावरून घेतं, त्यामुळे खोडाला बाक असतो आणि शेंडा आकाशाकडे वळलेला असतो. अलीकडे कललेलं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सरळच असतं, पण सगळंच तिरकं. सोबत कलण्याच्या उलट बाजूला जमीन फुगलेली किंवा धनुष्यासारखी अर्धगोल भेग पडलेली दिसली, तर पुढची तपासणी थांबवा. माणसं हलवा, वाट बंद करा, वॉर्ड ऑफिसला किंवा अग्निशमन दलाला कळवा. वाऱ्याच्या दिवशी लांबून बुंध्याकडे पाहिल्यावर माती वरखाली होताना दिसली तर त्याचाही अर्थ तोच.

राहिली बुरशी. बुंध्याला किंवा उघड्या मुळांना फळीसारखी, कडक, वर तपकिरी-तांबूस आणि कडेला पांढरी अशी वाढ दिसली, तर ती बहुधा गॅनोडर्मा असते. आजूबाजूच्या पानांवर कोकोच्या पुडीसारखी तपकिरी धूळ बसलेली असेल तर शंका फारशी उरत नाही. ही बुरशी मुळांतलं आणि बुंध्यातलं लाकूड खाते. बाहेर फळी दिसेपर्यंत आत बराच काळ काम चालू असतं, म्हणून फळी उपटून टाकल्याने काही साधत नाही. उलट पुढे दाखवायला पुरावाच जातो. पावसात झाडाखालच्या पालापाचोळ्यावर उगवणाऱ्या नाजूक छत्र्या बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. त्या मातीत आहेत की लाकडावर, एवढं वाकून बघायचं.

वाळवीची गोष्ट वेगळी. खोडावर मातीच्या रेघा दिसल्या की लोक घाबरतात, पण बऱ्याचदा वाळवी सालीचा मेलेला वरचा थर खात असते. रेघ खरवडून खाली बघा. साल घट्ट आणि जिवंत असेल तर एवढ्यावरून झाड काढायचं कारण नाही.

खोड: पोकळ आहे, पण किती?

मोगरीने खोडावर सगळीकडून, गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत ठोकत फिरा. भरीव लाकडाचा आवाज टणक आणि तोकडा येतो, तर पोकळ भागाचा ढबढब. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करत गेलात की पोकळीचा नकाशा तयार होतो. साल सुटलेली असेल तरी आवाज पोकळच येतो, म्हणून तिथे साल दाबून खात्री करा.

ढोली असणं हा काही झाडाचा गुन्हा नाही. खोडाचा मधला भाग मेलेलंच लाकूड असतो. भार पेलायचं काम मुख्यतः बाहेरची भिंत करते. जर्मन अभ्यासक क्लाउस मात्थेक यांच्या कामातून आलेला एक आडाखा जगभर वापरतात: भरीव भिंतीची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश तरी हवी. घेर छातीच्या उंचीवर मोजा आणि 6.28 ने भागा. घेर 190 सेंटिमीटर असेल तर त्रिज्या 30 आली, म्हणजे भिंत निदान 10 सेंटिमीटर हवी. ढोलीच्या तोंडातून सळई आत घालून भिंत कुठे भरीव आहे, कुठे भुसभुशीत, ते चाचपता येतं. तपासण्यासाठी नवं भोक मात्र पाडू नका. हा आडाखा बंद पोकळीसाठी आहे. ढोलीचं तोंड मोठं असेल, खोडाच्या घेराचा तिसरा हिस्सा उघडा असेल, तर भिंत जाड असूनही खोड पिळवटून फाटू शकतं. ढोलीत हात घालण्याआधी टॉर्च मारा. तिथे साप, विंचू, मधमाश्या किंवा पोपटाची पिल्लं असू शकतात.

ढोलीत सिमेंट भरायची जुनी पद्धत अजून दिसते. ती सोडा. वाऱ्यात खोड लवतं, सिमेंट लवत नाही. दोघांमध्ये फट पडते, पाणी आत साचतं आणि कूज वाढते. वर तपासणाऱ्याला आतलं काही दिसेनासं होतं.

भेगांमध्ये सालीच्या वरवरच्या भेगा सोडून द्या. लाकडात शिरलेली, सळईचं टोक आत जाईल अशी उभी भेग गंभीर. खोडाच्या समोरासमोर दोन भेगा असतील तर खोड दोन फळ्यांत विभागलं गेलंय असं समजा. कललेल्या झाडाला अशी भेग पडली असेल तर पाऊस येण्याची वाट पाहू नका.

बेचकं आणि वरचा भाग

दोन जाड खोडं एकाच जागेतून फुटली असतील तर त्यांच्यामधला आकार पाहा. रुंद, वाटोळं बेचकं भक्कम असतं. अरुंद बेचक्यात दोघांची साल आत दाबली जाते, लाकूड लाकडाला जोडलंच जात नाही, आणि दोन्ही बाजूंना कानासारखे फुगवटे येतात. अशा बेचक्यातून पाणी झिरपत असेल किंवा बारीक भेग खाली उतरत असेल, तर एक खोड कधीतरी फाटून येणार.

वर पाहताना वाळक्या फांद्या, अडकून राहिलेली तुटकी फांदी, बांडगूळ आणि वीज पडल्याचा उभा पट्टा शोधायचा. झाड मेलंय हे ठरवायची घाई मात्र करू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा, काटेसावर, शिवण, गुलमोहर सगळेच बोडके असतात. बारीक डहाळी नखाने खरवडा. खाली हिरवं, ओलसर निघालं तर ती जिवंत आहे. वेगवेगळ्या बाजूंच्या आठ-दहा डहाळ्या पाहा. सगळ्या तपकिरी आणि कोरड्या निघाल्या, आणि मोडताना कटकन आवाज आला, तर झाड वाळलंय.

पूर्वी शेंडा छाटलेल्या झाडांसाठी एक वेगळी नोंद ठेवा. दरवर्षी मे महिन्यात अनेक सोसायट्या झाडाचं डोकंच उडवतात आणि यंदाचा पाऊस निभला म्हणून निश्चिंत होतात. कापलेल्या जागी जे धुमारे फुटतात ते खोडाच्या बाहेरच्या थराला नुसते चिकटलेले असतात, आत रुजलेले नसतात. तीन-चार वर्षांत ते मनगटाएवढे होतात, खालचा छाटलेला भाग तोवर कुजलेला असतो, आणि मग हेच धुमारे वाऱ्यात सोलून निघतात. आमच्या मते घराजवळच्या झाडांचं सगळ्यात जास्त नुकसान या डोकं उडवण्याने होतं.

झाडागणिक खोड्या

गुलमोहराची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. बुंध्याशी कूज लागली की हा फार वाट पाहत नाही. सोनमोहर आणि पिचकारी म्हणून ओळखला जाणारा स्पॅथोडिया यांच्याही फांद्या वाऱ्यात सहज मोडतात. पर्जन्यवृक्षाचा पसारा प्रचंड आणि आडवा, त्यामुळे लांब फांदीचं वजन टोकाशी जातं. मुंबईत पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने हे वृक्ष मोठ्या संख्येने वाळले. वाळलेला पर्जन्यवृक्ष रस्त्यावर असेल तर तातडीचं प्रकरण समजा. आंब्याच्या खोडातून भुसा पडत असेल तर खोडकिडा आहे. एकदोन भोकांवर उपचार होतो, पण खोडाभोवती सगळीकडे भुसा आणि डिंक दिसत असेल तर आत बोगदे झालेले असतात. वडाच्या जमिनीत रुजलेल्या पारंब्या हे त्याचे टेकू आहेत. पार्किंगसाठी त्या कापल्या की आडवी फांदी निराधार होते, आणि दोष मात्र वडाला लागतो. शेवगा पडतोच, पण त्याची उंची आणि लाकडाचं वजन पाहता त्याच्याखाली गाडी न लावणं एवढंच पुरे.

माडाचा हिशेब निराळा, कारण त्याला फांद्या नाहीत आणि वाढीचा कोंब एकच. जुलै 2017 मध्ये मुंबईत चेंबूरला माड कोसळून रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेचा जीव गेला होता. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात तर रायगड-रत्नागिरीत नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. माडाला तीन गोष्टी पाहायच्या. खोडाला भोकं पडून त्यातून तांबूस-तपकिरी चिकट द्रव आणि चघळल्यासारखे धागे येत असतील तर तो तांबड्या सोंड्या भुंग्याचा उपद्रव. खोडाला कान लावला तर अळ्यांचा कुरकुर आवाज येतो. मधला कोंब वाळून ओढल्यावर हातात येत असेल आणि घाण वास येत असेल, तर कोंब कुजलाय. आणि बुंध्यालगत फळीसारखी बुरशी. कोंब गेला की माड गेला, तो पुन्हा फुटत नाही. खालच्या झावळ्या काही काळ हिरव्या राहतात म्हणून लोक थांबतात, आणि मधल्या काळात खोड आतून पोखरलं जातं.

निर्णय

मुळांकडची माती उचललेली, कल वाढत चाललेला, झाड पूर्ण वाळलेलं, बुंध्याशी गॅनोडर्मा आणि ठोकल्यावर पोकळ आवाज, अर्धी मुळं कापलेली, खोडात आरपार भेग, माडाचा कोंब मेलेला: यांतलं एक जरी असेल आणि पडण्याच्या टप्प्यात घर किंवा वाट असेल, तर झाड काढा. यावर छाटणीचा उतारा चालत नाही.

बाकीचे दोष एकेकटे सोसण्यासारखे असतात, पण ते एकत्र आले की वजन वाढतं. 12 अंशांचा जुना कल चालेल. 12 अंशांचा कल, त्याच बाजूला ढोली आणि उलट बाजूला पाइपलाइनची चर, हे चालणार नाही.

मधल्या प्रकरणांत तीन मार्ग आहेत. पहिला फुकटातला: झाडाखालचं हलवा. झोपाळा, बाकडं, गाडी, कुत्र्याचं घर दुसरीकडे न्या, वाट वळवा. दुसरा छाटणीचा: वाळक्या आणि लांब, जड फांद्या कमी करायच्या, पण एका हंगामात जिवंत पसाऱ्याच्या पाव भागापेक्षा जास्त नाही, आणि एकाच बाजूने तर कधीच नाही. भिंतीकडची बाजू साफ केली की सगळं वजन दुसरीकडे जातं. तिसरा लक्ष ठेवण्याचा: त्याच जागेवरून त्याच कोनात दर महिन्याला फोटो, ओळंब्याचा आकडा, भेगेच्या दोन टोकांना तारखेसह रंगाची खूण.

जमिनीवर उभं राहून हाताला येणारी फांदी स्वतः कापायची असेल तर तीन कापांत कापा. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, जाडीच्या चौथ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी पडली की उरलेलं खुंट तिसऱ्या कापात काढा, पण खोडालगतचा फुगीर कंगोरा सोडून. थेट एका कापात कापलं तर पडणारी फांदी खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. जखमेवर डांबर किंवा ऑइल पेंट लावू नका. फळझाडांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायचा प्रघात आहे, तो ठीक.

पालापाचोळा पडतो, ऊन अडतं, पक्षी गाडी घाण करतात, घराची दिशा चुकते, ही झाड काढायची कारणं नाहीत. त्यांना धोक्याचा मुलामा दिला तरी पाहणीला येणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं.

परवानगी

झाड तुमच्या जागेत असलं तरी ते परस्पर तोडता येत नाही. महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात उद्यान विभागाकडे किंवा वॉर्ड ऑफिसला द्यायचा. छाटणीसाठीही परवानगी घ्या. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष ठरवलं आहे आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची तरतूद आणली आहे, म्हणून अर्ज करतानाच झाडाचं वय कसं धरतील आणि लागवड कुठे करायची ते विचारून घ्या. ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, खैर, चंदन अशी झाडं आहेत. लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याची चौकशी वन विभागात आधीच करा. गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. तिथे 2016 मध्ये माडाला झाडाच्या व्याख्येतून वगळलं होतं, 2017 मध्ये तो पुन्हा आत आला, म्हणून माडालाही परवानगी लागते.

अर्जात "झाड धोकादायक आहे" एवढंच लिहून भागत नाही. असं लिहा: "गुलमोहर, 1 झाड, घेर 190 सेंमी, उंची अंदाजे 11 मीटर, नैऋत्येकडे बुंध्याशी बुरशी, त्या बाजूला पोकळ आवाज, राहत्या घरापासून अंतर 4 मीटर." सोबत तीन फोटो: शेजारी माणूस उभा असलेलं पूर्ण झाड, मोजपट्टी लावलेला दोष, आणि झाड व घर एकत्र. मालकीचा पुरावा म्हणून सातबारा, प्रॉपर्टी कार्ड किंवा घरपट्टीची पावती. सोसायटीत अर्ज समितीच्या ठरावासह जातो, एकट्या सभासदाचा नाही. शेजाऱ्याच्या झाडाबाबत शेजाऱ्याला लेखी पत्र आणि त्याची प्रत कार्यालयाला द्या. पोच घ्यायला विसरू नका.

सालीचा गोल पट्टा काढून किंवा मुळाशी ॲसिड ओतून झाड "आपोआप" मारायची युक्ती काहीजण सुचवतात. कायद्याने तीही झाडाची हानीच. आणि व्यवहारात ती आणखी वाईट, कारण वाळलेल्या झाडावर दोर बांधून चढणाऱ्याला भरवशाचा आधार उरत नाही आणि झाड उतरवणं अवघड होऊन बसतं.

तातडीच्या वेळी आधी फोटो, मग फोन: अग्निशमन दल 101, मुंबईत महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक 1916, विजेच्या तारांसाठी महावितरणचा 1912.

उतरवताना

घराजवळचं झाड बुंध्यातून एकदम पाडत नाहीत. शेंड्याकडून तुकडे करत, प्रत्येक तुकडा दोराने बांधून खाली सोडतात. हे काम घरच्या माणसाने किंवा हाताशी असलेल्या माळ्याने करायचं नाही. काम देताना विचारा: कमरेचा पट्टा आणि हेल्मेट आहे का, खाली दोर धरायला किती माणसं, मजुरांचा विमा आहे का, लाकूड कुणाचं, खुंट किती उंच ठेवणार, पालापाचोळा कोण उचलणार. उत्तरं कागदावर घ्या. झाड न बघता फोनवरच रक्कम सांगणाऱ्याला टाळा.

तारा जवळ असतील तर वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय सुरुवात नको. ओली फांदी आणि ॲल्युमिनियमची शिडी, दोन्हींतून वीज उतरते. कापायच्या फांदीलाच शिडी टेकवणं हा नेहमीचा अपघात. फांदी तुटली की वजन गेल्याने बुंध्याकडचा भाग उसळी घेतो आणि शिडी सुटते. पावसात आणि वाऱ्यात काम थांबवा. आधी घरटी आणि मोहोळ पाहा. पिल्लं असतील आणि धोका आजचा नसेल तर काही आठवडे थांबता येतं.

वादळात आधीच पडलेलं झाड सोपं वाटतं, पण तेच जास्त फसवतं. मुळांचा गड्डा उचलला गेलेला असतो आणि खोडाच्या वजनाने तो आडवा धरलेला असतो. खोड कापलं की गड्डा एका झटक्यात परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे कुणी उभं राहायचं नाही, लहान मुलांनी तर नाहीच. भिंतीवर किंवा दुसऱ्या झाडावर अडकलेल्या झाडाखालूनही जाऊ नका.

खुंट आणि नवी जागा

मोठं खुंट उरलं की मुळं कुजत जातात आणि जमीन दोन-तीन वर्षं बसत राहते, म्हणून तिथे लगेच फरशी घालू नका. बुंध्याशी गॅनोडर्मा असेल तर खुंट आणि जाड मुळं जमेल तेवढी खणून काढा आणि नवं झाड त्याच खड्ड्यात लावू नका, आठ-दहा फूट सरकून लावा. माडाचं खोड अंगणात पडू देऊ नका. कुजणाऱ्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि शेजारच्या चांगल्या माडांवर जातो. तुकडे करून ते फाडा, वाळवा आणि चुलीला लावा.